आतलं रबरसुद्धा त्या काळचं

मी गोष्टी सांगणारा माणूस आहे. शाहूपुरीत माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण येणाऱ्यांतले निम्मे फॅनबेल्ट न्यायला येतात आणि निम्मे गोष्ट ऐकायला. मी आवाज काढून सांगतो, हातवारे करून सांगतो, वेळ पडली तर काउंटरवर चढून सांगतो. पण ही एक — ही कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवाला नाही, दाढी करताना आरशातल्या माणसालासुद्धा नाही.

गंमत म्हणजे तुम्ही ती ऐकलेली असण्याची शक्यताच जास्त. एखाद्या लग्नाच्या पंगतीत, बारशात, रंकाळ्यावर भेळ खाताना कुणीतरी 'दाजींचा क्लच' म्हणून तुम्हाला सांगितली असेल आणि तुम्ही पोट धरून हसला असाल. ती माझीच. मीच घडवली, मीच घासूनपुसून गावात सोडली. आज सांगायची आहे ती तिच्या पोटातली. कुठून सुरू करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलायला मला सोपं जातं.

गाडी विलायती, चार दारांची, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही — सांगितलं तर अर्धं गाव गाडी ओळखेल आणि उरलेलं मला. राधानगरीकडे एका शेतकऱ्याच्या खळ्यावर, भाताच्या पिंजराच्या गंजीमागं ती मला सापडली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हणाला, "पिल्लं बाहीर पडूं द्यात, मग न्ह्या." मी थांबलो. पिल्लं बाहेर पडली, मग गाडी बाहेर पडली. हे अगदी खरं आहे. (बघा — ही माझी सवय. 'हे अगदी खरं आहे' असं मी जिथं म्हणतो तिथं ते बहुतेक खरंच असतं. जिथं म्हणत नाही तिथं जपून.)

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची वर्षं. उद्यमनगरात माझं एक गोडाऊन होतं, एका फौंड्रीला लागून. गाडी तिथं आणली आणि दिलावर मिस्त्री आणि मी तिच्या मागं लागलो. दिलावर माझ्याच वयाचा, अंगानं आडवा, तोंडात कायम बडीशेप. उद्यमनगर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. नमुना हातात ठेवला की वस्तू तयार. पिस्टन बनवून घेतले, दाराच्या कड्या ओतून घेतल्या, गंजलेला पत्रा कापून नवा ठोकला. रंग दिला तो पिकल्या जांभळासारखा. लोक बघायला यायचे आणि मी त्यांना फिरवून दाखवायचो — राजवाड्यावरचा गाइड काय दाखवेल असं.

आता दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, नवरे. आयुष्यभर एसटीची लाल गाडी चालवली. गगनबावडा, आंबा, फोंडा — घाटातल्या पाळ्याच मागून घ्यायचे. एकही अपघात नाही म्हणून त्यांना एक बिल्ला मिळाला होता, पितळेचा, सुपारीएवढा. माणूस मोजका बोलायचा. मी त्यांच्या बरोबर उलटा, म्हणून आमचं जमायचं. मला ते 'पावणं' म्हणायचे. मी गोष्ट सांगायला लागलो की ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे, आणि शेवटाला एक डोळा उघडून विचारायचे, "ह्यातलं खरं किती, पावणं?" मी म्हणायचो, "तुमच्यासाठी सगळं." त्यावर ते हसायचे. मला गावातल्या शंभर टाळ्यांपेक्षा ते एक हसू जास्त वाटायचं — हे आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

गाडी तयार होत आली तेव्हा ठरलं की पहिली फेरी जोतिबाची. आपल्याकडे दुसरं काय ठरणार? दुचाकी घ्या, ट्रॅक्टर घ्या, पहिला गुलाल डोंगरावरचाच. आणि आमच्या घरात नव्या वाहनाचं पहिलं स्टिअरिंग जावयाच्या हातात द्यायची रीत. जावयाचा मान. माझ्या वडिलांनी सायकल घेतली तेव्हा ती पहिल्यांदा त्यांच्या मेव्हण्यांनी चालवली होती, आणि गटारात घातली होती, तरी रीत मोडली नाही. इथं तर जावई घाटातला ड्रायव्हर. दाजी नुकतेच निवृत्त झालेले. मी बोलावणं केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्या चालवू व्हय?" आणि अक्काकडं बघून म्हणाले, "इस्तरीचा शर्ट काढ गं."

ब्रेककडे यायला हवं. येतोय.

जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच नळीच्या संसारात असतं. पेडल दाबलं की तेल पळतं, प्रत्येक चाकातल्या एका छोट्या सिलिंडरात शिरतं, तिथं वाटीच्या आकाराचं रबर असतं ते पुढं सरकतं आणि चाक धरलं जातं. ते रबर फाटलं की तेल बाहेर. एका चाकाचं गेलं की चारही उपाशी. एवढं कळलं म्हणजे माझा सगळा गुन्हा कळेल, जास्त यंत्रशास्त्र लागत नाही.

आमच्या गाडीचे सिलिंडर आतून कुजले होते. करायचं काय? रस्ते तीन होते. हल्लीच्या देशी गाडीचे सिलिंडर बसवायचे — माझ्याच दुकानात फळीवर पडलेले, पण चाकामागच्या पत्र्याला नवी भोकं पाडावी लागणार. दुसरा रस्ता, जुनेच सिलिंडर उद्यमनगरात आतून नवे करून घ्यायचे आणि रबर ताजं घालायचं. हा सगळ्यात शहाणा रस्ता. बाहेरून गाडी जुनी ती जुनी, आतून ब्रेक नवा. आणि तिसरा — तिसरा बेळगावात होता.

बेळगावात एक जुनं दुकान बंद होत होतं. तिथल्या म्हातारबांनी माळ्यावरून एक खोकं काढून दिलं. त्याच विलायती कंपनीचं, सील न फोडलेलं, वर गाडीचं चित्र, कोपरा वाळवीनं खाल्लेला. आत मेणकागदात गुंडाळलेला ब्रेकचा पूर्ण संच — सिलिंडर, रबर, स्प्रिंगा. गाडीच्या जन्माच्या आसपासचा. मला काय झालं असेल? मी ते खोकं बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. घरी देव्हाऱ्यात ठेवलं. बायको म्हणाली, "त्येला काय नैवेद्य दावू?" मी म्हटलं, दाखव.

आता ऐका. मी मोटारीचे भाग विकणारा माणूस. गिऱ्हाईक आलं की माझं पाठ भाषण असायचं: लोखंड जुनं चालेल, रबर जुनं घेऊ नका. रबर न वापरताही म्हातारं होतं. डब्यात राहून होतं, देव्हाऱ्यात राहून होतं. वाकवून बघा, कडेला रेघा दिसल्या की फेकून द्या. हे मी रोज सांगायचो. अंगठ्यानं वाकवून दाखवायचो.

त्या संचातली पहिली वाटी मी हातात घेतली. वरून पावडर लावलेली, काळीभोर, चकचकीत. अंगठ्यानं वाकवली. कडेला रेघा दिसल्या — बारीक, तळहातावर असतात तशा.

मग मी काय केलं? मी ती वाकवायचं थांबवलं. सरळ धरली की रेघा दिसत नव्हत्या. बाकीच्या वाकवून बघितल्याच नाहीत.

का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे आणि उत्तर दर वेळी तेच येतं, त्यामुळं ते खरं असावं. पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा. तिथं पांढऱ्या टोप्या घातलेले परीक्षक बॅटरी घेऊन गाडीखाली झोपतात आणि कुठला स्क्रू नंतरचा ते शोधतात. त्यांच्यापुढं उभं राहून मला एक वाक्य म्हणायचं होतं. ते वाक्य माझं तयार होतं. मी ते अंघोळ करताना म्हणून बघितलं होतं. 'साहेब, पत्रा सोडा, हिच्या ब्रेकच्या आतलं रबरसुद्धा त्या काळचं आहे.' इथं थोडं थांबायचं. बॉनेटवर बोटं वाजवायची. बस. एका वाक्यासाठी. ताजं रबर घातलं असतं तर कुणाला दिसणार होतं? कुणालाच नाही. पण मग ते वाक्य खोटं झालं असतं, आणि मला ते खरं हवं होतं. हसू येतं ना? मी — आणि मला वाक्य खरं हवं होतं.

दिलावर संच बसवायला बसला तेव्हा त्यानं सिलिंडर उलटसुलट करून बघितले. "मालक, माल झकास हाय. रबर तेवढं आपल्या दुकानातलं घालूया काय?"

"मिस्त्री, कंपनी अजून चालू हाय. जुन्या खोक्यात भरलाय, पण रबर ह्याच सालचं."

"तुमी म्हंतासा म्हंजे झालं," तो म्हणाला आणि बसवायला लागला. सुट्या भागांच्या दुकानदारानं रबराबद्दल सांगितलं, त्यावर मिस्त्रीनं काय बोलायचं? तेल भरलं, पेडल दाबून नळीतली हवा काढली — ती राहिली तर पेडल पोकळ लागतं. पेडल घट्ट लागलं. उद्यमनगरात दोन फेऱ्या मारल्या, गाडी जिथल्या तिथं थांबली. मी स्वतःलाच म्हटलं, बघ, उगाच भीत होतास.

रविवार होता. दाजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले, खिशावर तो बिल्ला लावून. मी म्हटलं, "दाजी, आज तपासनीस यायचा न्हाय." ते म्हणाले, "असूं द्या की. नवी गाडी हाय." पुढं ते आणि मी, मागं अक्का, मांडीवर नारळाची पिशवी. दिलावरला चल म्हटलं तर त्याला दुसरी गाडी द्यायची होती. चाकाखाली लिंबू फुटलं आणि आम्ही निघालो.

काय चालवत होते! मी आयुष्यात बऱ्याच लोकांना स्टिअरिंगवर बघितलं, पण त्या दिवशी दाजींचे हात बघताना मी बडबड करायचं विसरलो. गिअरचा आवाज नाही. वळणावर अक्काच्या पिशवीतला नारळ हलला नाही. डोंगरावर गेलो, दर्शन झालं, गाडीच्या नाकावर गुलाल पडला, जांभळ्या रंगावर तो असा काही दिसला की लोक गोळा झाले. दाजींनी चाकाच्या टोपीवरचा गुलाल रुमालानं पुसला. म्हणाले, "गाडी चांगली केलासा, पावणं." एवढंच. मोजकं बोलणारा माणूस.

उतरायला लागलो. उतार, गर्दी, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा लागत होता, चाकं तापत होती. एका लांब उताराच्या वळणाआधी दाजींनी पेडल दाबलं आणि ते खाली गेलं. मी त्यांच्या शेजारी होतो. मी बघितलं. उजवा पाय, मधलं पेडल, पार तळाला. त्यांनी पाय उचलून परत दाबलं, परत दाबलं. मग गिअर खाली टाकला, गाडी कण्हली, हँडब्रेक ओढला, आणि दरीकडे न जाऊ देता डाव्या अंगाला डोंगराला घासत घासत तिला उभी केली. पत्रा फाटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग गाडी थांबली. प्रसादाचे नारळ माझ्या पायाशी आले होते. मागं अक्का, "आई गं," म्हणाली. झटक्यात तिचा उजवा हात पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर आपटून मनगट मोडलं होतं.

आम्ही जिवंत होतो ते त्या माणसामुळं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

मागून एक जीप थांबली, गुलालानं माखलेली पोरं उतरली. भोवती लोक जमले. एकजण म्हणाला, "काय झालं वो, काका?" दाजी अक्काचा हात धरून बसले होते, त्यांनी मान वर करून सांगितलं, "पेडल खाली गेलं. काय लागंनाच."

मी पुढच्या डाव्या चाकाकडं बघितलं. चाकाच्या आतून तेल ठिबकत होतं. पातळ, पिवळसर, गुलालात मिसळून तांबडं होत होतं. माझ्याशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं. आणि मी — मला आजही कळत नाही की जीभ इतकी जलद कशी चालते — मी मोठ्यानं म्हणालो, "लाल गाडीचा पाय हाय, भावांनो! क्लचला ब्रेक समजलं आमचं दाजी!"

लोक हसले. भ्यालेल्या लोकांना हसायला कारण हवंच असतं. मी आणखी एक नक्कल केली — दाजी दोन्ही हातांनी बसचं स्टिअरिंग फिरवतात, पाय शोधतोय, पाय शोधतोय, सापडला, दाबला! — तर आणखी हसले. दाजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. समजत नसल्यासारखं.

एक प्रश्न कुणीही विचारला नाही. पाय क्लचवर असता तर इंजिन चाकांपासून सुटलं असतं, मग गिअर खाली टाकल्यावर गाडी अडली कशी? पण हसणारा माणूस असलं काही विचारत नाही. हे मला गोष्टी सांगायच्या धंद्यामुळं माहीत होतं.

अक्काला जीपमधून दवाखान्यात नेलं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून गोडाऊनला आणली. संध्याकाळी मी एकटाच तिथं गेलो, जॅक लावला, चाक काढलं. वाटीची कड अर्ध्यातनं फाटली होती, रेघ होती तिथूनच. मी दुकानातून ताजं रबर आणलं, चारही चाकांना घातलं, हवा काढली, तेल भरलं, फरशी पुसली. फाटलेली वाटी आणि तिच्या बहिणी शेजारच्या फौंड्रीच्या भट्टीत टाकल्या. भट्टीवाल्याला वास आला. "काय टाकलासा वो शेठ?" मी म्हटलं, "उंदीर." तेही त्याला आवडलं, हसला.

दिलावर दुसऱ्या दिवशी सकाळी धावत आला. त्याच्या तोंडात बडीशेप नव्हती. "मालक, माज्याकडनं हवा ऱ्हायली काय?" मी म्हटलं, "मिस्त्री, तू दाबून बघ." त्यानं दाबलं. घट्ट. मी म्हटलं, "दाजींचा पाय चुकला." त्यानं एवढा मोठा श्वास सोडला. मला वाटलं, निदान ह्याचं तरी मी भलं केलं. असं वाटलं मला. ओझं ह्याच्या अंगावरून काढून कुणाच्या अंगावर घातलं ते मला चांगलं माहीत होतं, तरी वाटलं.

आणि मग दुपारी दाजी आले.

चालत आले होते. शर्ट साधा, बिल्ला नाही. म्हणाले, "बसू का जरा?" आणि फुटलेल्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मी दारापाशी उभा. त्यांनी मधल्या पेडलवर पाय ठेवला. दाबलं. घट्ट लागलं. सोडलं, परत दाबलं. मग चप्पल काढली आणि अनवाणी पायानं दाबलं. नंतर डावं पेडल दाबलं, क्लचचं — ते मऊ, अलगद खाली गेलं. पुन्हा मधलं. पुन्हा डावं. मग त्यांनी आपल्या पायाकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय होता आणि चुकून त्यांच्याकडे आला होता.

"घट्ट हाय," ते म्हणाले.

"हाय की."

"मग माझाच पाय गेला म्हणायचं."

मी तेव्हा बोलू शकलो असतो. अंतर किती होतं? हात लांबवला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. मी म्हणालो, "होतं असं, दाजी. वय झालं."

त्यांनी चप्पल घातली. "तुमच्या अक्कास्नी सांगतो," ते म्हणाले, "माझ्यामुळं झालं म्हणून." आणि गेले. सांगितलंच असणार. ते सांगतो म्हणाले की सांगायचे.

आता वाटेल, त्यानंतर मी गप्प बसलो असेन. गप्प बसलो असतो तरी परवडलं असतं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस. वर्षाच्या आत 'दाजींचा क्लच' तयार झाली. त्यात भाविकांची जीप उडी मारून बाजूला होते, त्यात अक्का मागून 'अहो, तो नव्हं, शेजारचा!' म्हणून ओरडते, त्यात नारळ एकेक करून दरीत उड्या मारतात. यातलं काहीही घडलं नव्हतं. लोक मला कार्यक्रमाला बोलवायचे आणि म्हणायचे, क्लचची होऊं द्या. दाजी समोर बसलेले असायचे. हसायचे. आता एक डोळा उघडून 'खरं किती' असं विचारत नव्हते. त्यांना वाटायचं त्यांना माहीत आहे.

त्यांनी परत गाडी चालवली नाही. एका शाळेनं मुलांची गाडी चालवायला बोलावलं होतं, घराजवळची. त्यांनी नाही म्हणून कळवलं. अक्का म्हणाली, 'पोरं बसत्यात त्यात, त्येंला भ्या वाटतं.' बसमधून जाताना उतार लागला की त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा. मग ते तो उचलून जरा बाजूला ठेवून परत दाबायचे, बरोबर जागी आहे का बघितल्यासारखं. मी हे शेजारी बसून बघितलं आहे. बिल्ल्याची डबी अक्काच्या सुया ठेवायला आली. अक्काचं मनगट वाकडंच बसलं. भाकरी थापताना ती हात तिरका धरते, आणि तिची भाकरी एका बाजूला जरा जाड होते.

गाडी पुन्हा ठोकून, रंगवून मी दोन हजार सालानंतर पुण्याच्या मेळाव्यात नेली. बेळगावचं रिकामं खोकं टेबलावर मांडलं. पांढऱ्या टोपीवाले खाली झोपले, उठले, कपडे झटकले, आणि मी माझं वाक्य म्हणालो. 'हिच्या ब्रेकच्या आतलं रबरसुद्धा त्या काळचं आहे.' थांबलो. बॉनेटवर बोटं वाजवली. सगळे वाहवा म्हणाले. बक्षीस मिळालं, कप, दुकानात आहे, कुणीही बघू शकतं. आत तेव्हा माझ्याच दुकानातलं ताजं रबर होतं. म्हणजे वाक्य खोटंच म्हणायचं होतं, आणि म्हणता येत होतं, अजिबात अडखळायला झालं नाही. मग आधीच म्हटलं असतं तर? ताजं रबर घालून, खोटं बोलून, जोतिबाला जाऊन नारळ फोडून परत आलो असतो. माझ्या आयुष्यात एवढं एकच खोटं कामाचं होतं आणि तेच मी वेळेवर बोललो नाही.

एवढं होऊनही हे लिहायला बसलो नसतो. मला माझी ओळख आहे. बसलो ते परवाच्या साखरपुड्यामुळं.

आमच्याच घरातला कार्यक्रम. जेवणं झाली, सतरंज्या पडल्या, आणि नेहमीप्रमाणे फर्माईश झाली. माझा घसा बसला होता. खरंच बसला होता. मी हातानंच नाही म्हटलं, तर दाजी उठले. आता त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, भिंतीला धरून उठले. म्हणाले, "आमचं पावणं दमल्यात. आज म्या सांगतो."

आणि त्यांनी सांगितली. माझीच गोष्ट, शब्द न् शब्द. माझे थांबे, माझे हातवारे. मोजकं बोलणारा माणूस बसचं भलंमोठं स्टिअरिंग फिरवत होता, पायानं हवेत पेडल शोधत होता. नारळ दरीत उड्या मारत होते. लोक लोळत होते. माझ्यापेक्षा चांगली सांगितली, खरं सांगतो, कारण त्यांचा त्यावर विश्वास होता. शेवटाला मी कधी घातलं नव्हतं ते त्यांनी घातलं. अक्काकडं हात करून म्हणाले, "आणि त्यो हात म्या मोडला."

कुणी हसलं नाही. मग कुणीतरी हसलं, आणि सगळे हसले. अक्का म्हणाली, "बसा आता खाली." आणि खाली बसता बसता दाजींनी माझ्याकडे बघितलं. जमलं का, असं विचारल्यासारखं.

मी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या घरी एक पद्धत आहे. दुपारचं जेवण झालं की दाजी कॉटवर आडवे होतात, अक्का चष्मा लावते आणि पेपर असो, मासिक असो, जे घरात आलं असेल ते मोठ्यानं वाचते. मी लिहिलेलं कुठं छापून आलं तर ते आधी वाचते. भावाचं आहे म्हणून. हेही वाचेल. कागद तिरका धरून. मध्येच थांबेल का, की पुढं वाचत राहील, मला माहीत नाही. मी तिथं नसेन. म्हणून शेवटची ओळ अक्काला मोठ्यानं वाचता येईल अशी, सोपी लिहितो.

दाजी, तुमचा पाय ब्रेकवरच होता.